काचेच्या धाग्यांची दांडी

लग्नकार्यात नवी ओळख झाली आणि मी फायबरच्या कारखान्यात नोकरी केली असं कळलं, की समोरचा माणूस हमखास गच्चीवरच्या काळ्या पाण्याच्या टाकीकडे बोट दाखवतो. "म्हणजे हेच ना?" हे नव्हे हो! ती टाकी साध्या प्लॅस्टिकची. आमच्या फायबरमध्ये काच असते. केसाहून बारीक काचेचे धागे, आणि ते धागे जागच्या जागी धरून ठेवणारं रेझिन, म्हणजे मधासारखी दिसणारी आणि हार्डनर घातला की दगडासारखी घट्ट होणारी राळ. इतकं सांगून होईपर्यंत पंगत बसते आणि ऐकणारा उठून जातो. नोकरीभर हे असंच चाललं. दिवाळीत मात्र फराळाची ताटली हातात असताना वाचक सहसा उठत नाही, म्हणून ही संधी साधते आहे.

मी मूळची सीमाभागातल्या वडगावची. घरात माग होते, आजूबाजूच्या घरांतही माग होते. शाळेत जाण्याआधी कांड्या भरणं हे माझं काम. कांडी म्हणजे धोट्यात बसणारी छोटी नळी, तिच्यावर सूत गुंडाळायचं. सूत सैल गुंडाळलं की विणताना तुटणार, वडील वैतागणार, आणि आई म्हणणार, "हिचं लक्ष कुठं असतंय कुणास ठाऊक." पुढे मी मेकॅनिकलचा डिप्लोमा केला आणि उद्यमबागेतल्या एका छोट्या फायबरच्या कारखान्यात लागले. आईला वाटलं, पोरगी सुताच्या कटकटीतून सुटली. पण माझ्या नशिबी सूतच होतं, फक्त काचेचं. काचेची बारीक कुसळं अंगाला लागली की अशी खाज सुटते की विचारू नका. पहिली कितीतरी वर्षं आई मला दारातच अडवायची, हातपाय धुऊन, साडी बदलूनच आत घ्यायची. रेझिनचा वास मात्र कशानं जात नसे. माझ्या डब्यातल्या भाजीलाही तो येतो, असं आमचे हे अजूनही म्हणतात.

आम्ही काय काय केलं म्हणून सांगू! बसचं पुढचं तोंड, केमिकलच्या टाक्या, बागेतल्या घसरगुंड्या, देवळांचे कळस. एका हॉटेलवाल्याला दारात मोर हवा होता. मोर झाला, पण मालकाला त्याचा चेहरा आवडेना. तीनदा मुंडकं बदललं तेव्हा कुठे तो मोर हसरा दिसतो म्हणून पास झाला. मोर हसतो कसा, हे मला आजवर कळलेलं नाही.

या धंद्यातली मुख्य गोष्ट मला एका निपाणीच्या गिऱ्हाइकानं शिकवली. त्याच्या तंबाखूच्या वखारीत धूळ ओढून घेणारी यंत्रं होती, त्यांच्यावर बसवायची मोठी झाकणं आम्ही करून दिली. सगळी एकाच साच्यातली, एकाच मॅटची, एकाच पिंपातल्या रेझिनची. मॅट म्हणजे काचेच्या तुकडे केलेल्या धाग्यांची गादी. ती साच्यावर अंथरायची, ब्रशनं रेझिन पाजायचं आणि रोलर फिरवून आतली हवा काढायची. माल उतरवताना दोन झाकणं टेम्पोवरून पडली. एकाला ओरखडासुद्धा आला नाही, दुसरं फुटून त्याचे तुकडे रस्त्याच्या कडेला गेले. गिऱ्हाईक फोनवर एवढंच म्हणाला, "आक्का, एक आईचं आणि एक सावत्र केलंय काय?"

तुकडे मागवून बघितले. फुटलेल्या झाकणाच्या पोटात बारीक बारीक बुडबुडे होते. एक झाकण केलं होतं बसूनं आणि दुसरं आठ दिवसांसाठी आलेल्या एका बदली कामगारानं. बदलीवाल्यानं रोलर फिरवला होता, पण घाईत. जिथे हवा राहते तिथे धागा आणि रेझिन यांची भेटच होत नाही, आणि मार बसला की तडा तिथून सुरू होतो. भाकरीचं पीठ एकच असलं तरी प्रत्येकीच्या हातची भाकरी वेगळी होते ना, तसंच हे. लोखंड कारखान्यात येतं तेव्हा ते आधीच लोखंड असतं. फायबरचं तसं नाही. वस्तू करता करताच तिचा मालही तयार होत असतो. धागे कुठल्या दिशेनं गेले, रेझिन किती प्यायले, हवा किती राहिली, यावर तिची ताकद ठरते.

बसूचं नाव आलंच आहे तर सांगून टाकते. हा बसवराज काकतीचा. मॅट अंथरण्यात त्याच्यासारखा हात मी दुसरा पाहिला नाही. तो रागावला की कन्नडमध्ये बोलायचा, खूश असला की मराठीत, आणि हिशेब मात्र कायम कन्नडमध्येच करायचा. त्याचा एकच दोष होता. रेझिन वाढताना त्याचा हात फार सढळ. लग्नघरात तूप वाढावं तसा ओतायचा. वस्तू चकचकीत दिसायची, पण जड व्हायची आणि ठिसूळही. "बसू, ताकद धाग्यात असते रे, रेझिनमध्ये नाही," हे वाक्य मी नोकरीत जितक्यांदा म्हणाले असेन तितक्यांदा मी देवाचं नावही घेतलेलं नाही.

आणि देवाचं नाव काढायची वेळ माझ्या निवृत्तीच्या थोडं आधी आली.

उचगावच्या पलीकडच्या एका गावातून मारुती आप्पा आमच्याकडे आले. धोतर, टोपी, खांद्यावर टॉवेल. गावच्या लक्ष्मीच्या यात्रा कमिटीचे ते प्रमुख. आमच्या भागात गावदेवीची मोठी यात्रा दरवर्षी नसते, बऱ्याच वर्षांनी एकदा येते. त्यामुळे एक यात्रा चुकली की माणसाला पुढची बघायला मिळेल याची खात्री नसते. आप्पा टेबलापाशी बसले, पाणी प्याले आणि म्हणाले, "आक्का, आमाला पालखीची दांडी करून पायजे. फायबरची."

मी म्हटलं, "आप्पा, देवीची पालखी सागवानी दांडीवरच शोभते. फायबर कशाला?"

"सागवानी हाय की. आज्ज्या-पणज्याच्या वक्ताची हाय. पण उचलणार कोन ओ? पोरं पुन्याला, बेंगळूरला. यात्रेला येत्यात, फोटू काढत्यात. खांदा द्या म्हटलं की दोन पावलं जात्यात आन् कंबर धरून बसत्यात. हापिसात खुर्चीवर बसून बसून ताकद गेलीया."

मग त्यांनी मागच्या यात्रेची हकिगत सांगितली. गल्लीतून निघालेली पालखी अर्ध्या वाटेतच थांबली. माणसं बदलायला माणसं नव्हती. पुढच्या खांद्याला खुद्द आप्पा होते. त्यांनाच पुढचं पाऊल टाकवेना, आणि त्यांनीच हात वर करून सांगितलं, की ट्रॅक्टरची ट्रॉली आणा. देवी ट्रॉलीत बसून गदग्यावर गेली. गदगा म्हणजे यात्रेत देवी बसवायचा ओटा. गावात कुणी त्यांना दोष दिला नाही, पण आप्पांना ते लागून राहिलं होतं.

"माज्या तोंडातनं निघालं ओ ते, ट्रॉली आणा म्हणून," आप्पा म्हणाले. "ह्यी माजी शेवटची यात्रा. म्होरच्या येळंला मी काय असायचा न्हाय. या खेपंला देवी खांद्यावरनं गेली पायजे, आन् माज्या खांद्यावरनं गेली पायजे. हलकी करून द्या."

असल्या गिऱ्हाइकाला नाही कसं म्हणायचं? मालकही घुटमळले, पण हो म्हणाले.

पहिली दांडी आम्ही आमच्या नेहमीच्या पद्धतीनं केली. पाइपाचा साचा घेतला, त्यावर मॅट गुंडाळली, रेझिन पाजलं, रोलर फिरवला. बसूनं जीव ओतला आणि रेझिनही ओतलं. दांडी अशी चकाकत होती की त्यात भांग पाडावा. दोन लाकडी टेकूंवर तिची टोकं ठेवली आणि मधोमध पालखीच्या वजनाइतकी वाळूची पोती टांगली. दांडी मोडली नाही. पण पोती खाली खाली जात राहिली आणि जमिनीपासून वीतभर अंतरावर जाऊन थांबली. आप्पा मान वाकडी करून बघत होते. म्हणाले, "आक्का, देवी पाळण्यात निजल्यागत दिसाय लागलीया."

मोडणं वेगळं आणि वाकणं वेगळं, हे बाहेरच्या माणसाला पटकन ध्यानात येत नाही. ही दांडी मोडायला चांगली टणक होती, पण ताठ नव्हती. कारण मॅटमधले धागे तुकड्या-तुकड्यांचे आणि चारही दिशांना पसरलेले. दांडी वाकायला लागली की तिच्या लांबीच्या दिशेनं जाणारे धागेच काय तो विरोध करतात, बाकीचे बाजूला उभे राहून गंमत बघतात. जाळीसारखं विणलेलं फायबरचं कापडही मिळतं. पण विणलं की धागा एकाच्या वरून, दुसऱ्याच्या खालून जातो, म्हणजे आधीच नागमोडी झालेला असतो. ताण पडला की तो आधी सरळ होतो आणि मग कामाला लागतो. मागावरच्या घरातल्या पोरीला हे कुणी शिकवावं लागत नाही. मला पाहिजे होते या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ, ताणून बसवलेले धागे.

तशा नळ्या करणारा एक कारखाना हुबळीच्या वाटेवर होता. तिथे सगळे धागे रेझिनमध्ये बुडवून तापलेल्या साच्याच्या भोकातून ओढतात. शेवया पाडतात तसंच, फक्त शेवया मागून दाबतात आणि हे पुढून ओढतात. धागा ताणलेला, सरळ, आणि रेझिन जेवढ्यास तेवढं. बसूच्या सढळ हाताला तिथे वावच नव्हता. टेम्पो एवढ्या लांबून आणायचाच, तर दोन नळ्या आणा, असं मालक म्हणाले. ही नळी पहिल्या दांडीपेक्षा हलकी, आणि तीच पोती टांगली तर जेमतेम दोन बोटं वाकली. आप्पांनी तिला एका हातानं उचललं, खाली ठेवलं, पुन्हा उचललं. मग टॉवेलानं डोळे पुसले. मलाही फार बरं वाटलं. ती दांडी त्यांनी ट्रॅक्टरमधून वाजतगाजत गावाला नेली.

यात्रा आठवड्यावर आली होती, तेव्हा आप्पांचा फोन आला. आवाज अगदी बारीक. "आक्का, दांडी उलली."

मी आणि बसू त्याच्या स्कूटरवरून गेलो. देवळासमोर माणसं जमली होती. मधोमध दांडी, तिच्या एका टोकापासून लांबच लांब सरळ तडा. तिच्याशेजारी गावचा सुतार परशराम डोक्याला हात लावून बसलेला. पलीकडे कुणीतरी ट्रॉली धुवायलाही काढली होती. आप्पा तिच्याकडे पाठ करून उभे होते.

झालं होतं असं. या गावात पालखीची दांडी सजवण्याआधी तिच्या तोंडाशी पितळी सिंह बसवतात, आणि त्याचा पहिला खिळा मारायचा मान सुताराचा. हळदकुंकू लावायचं, खिळा धरायचा, आणि देवीचं नाव घेऊन हातोडा घालायचा. हा खिळा मारल्याशिवाय ती दांडी देवीची होत नाही. ही गोष्ट आप्पांनी आम्हाला सांगितली नव्हती, कारण त्यांच्या दृष्टीनं त्यात सांगण्यासारखं काही नव्हतं. दांडी आहे म्हणजे खिळा आहेच. आणि आम्ही विचारलं नव्हतं, कारण पालखीच्या दांडीला खिळा मारतात हे आमच्या सात पिढ्यांत कुणाला ठाऊक नव्हतं.

"माज्या आज्ज्यानं मारला, बानं मारला," परशराम म्हणाला. "सागवान कदी कुरकुरला सुदिक न्हाय. आन् मी मारला, तर उलली! लोक म्हणालेत, परशरामाच्या हाताला यश न्हाय."

मी त्याच्याजवळ बसले. म्हटलं, "परशरामदादा, तुमच्या हाताचा काही दोष नाही. या नळीत सगळे धागे असे लांबीनंच आहेत, आडवा एकही नाही. लांबीनं ओढा, वाकवा, ती दाद देणार नाही. पण धाग्याधाग्याच्या मध्ये पाचर घातली, की नुसत्या रेझिननं चिकटलेले धागे सुटतात आणि चीर पार टोकापर्यंत पळते."

परशरामानं तडा बोटानं चाचपला. मग एकदम माझ्यावरच उखडला. "म्हंजे ह्यो कळक हाय म्हणा की! मग आदी सांगायचं न्हवं? कळकाला कोन खिळा मारतंय ओ? कळकाला बांदत्यात!"

जमलेली माणसं हसायला लागली. बसूही हसला. मी कपाळाला हात लावला, कारण माझ्या डोक्यात जे चाललं होतं तेच त्यानं बोलून टाकलं होतं. बांबू उलू नये म्हणून त्याला वेढे देऊन बांधतात. आपल्या नळीलाही धाग्यांचे वेढे द्यायचे, तिरके, एकदा या बाजूनं आणि एकदा त्या बाजूनं. दुसरी नळी कारखान्यात होतीच.

"आन् माजा खिळा?" परशरामानं विचारलं. तो हसत नव्हता.

मी आप्पांना विचारलं, "जुन्या दांडीचं टोक कापून द्याल?"

आप्पांनी टोपी काढून हातात घेतली. आजोबा-पणजोबांच्या सागवानाला करवत लावायची म्हणजे काय, ते मला कळत होतं. पण मी सांगितलं, की नव्या नळीच्या तोंडात त्या सागवानाचा ठोकळा बसवू. सिंह त्यावर बसेल, आणि खिळा त्यात जाईल. खिळ्याला लाकूड मिळेल, नळीला धक्का लागणार नाही. परशरामानं करवत आणली. आप्पांनी आधी दांडीला नमस्कार केला आणि मग त्याला मान डोलावली.

वेढे द्यायला आमच्याकडे एवढ्या लांब नळीचं यंत्र नव्हतं. मोठ्या कारखान्यांत असतं; नळी फिरत राहते आणि रेझिनमध्ये भिजलेले धागे तिच्यावर गुंडाळले जातात. मी ते यंत्र पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसूच आलं होतं. हे लोक तर कांडीच भरत होते की! फक्त मागाची कांडी बोटाएवढी आणि ही माणसाहून लांब. मग आम्हीही तेच केलं. नळी दोन खुंट्यांवर ठेवली, एका टोकाला हँडल बसवलं. वडगावला भावाच्या घरी जाऊन मागाची फणी आणली. भावानं विचारलं, "आता कुठली साडी विणायला लागलीस गं?" मी म्हटलं, "देवीच्या पालखीची." त्याला ते खोटं वाटलं. काचेचे धागे रेझिनच्या पत्र्याच्या डब्यातून बुडवून, फणीच्या दातांतून वेगवेगळे काढून मी नळीवर सोडत गेले, बसू हँडल फिरवत राहिला.

"सावकाश रे."

"सावकाशच करालोय की, आक्का. ऊन बघा. रेझिन घट्ट व्हायला लागलं तर दोघंबी दांडीला चिकटून यात्रेला जाऊ."

ताण महत्त्वाचा. धागा सैल गेला की तो आत लाटा खातो आणि वेळेला उपयोगाचा नसतो. माझी बोटं मला न विचारता काम करत होती. लहानपणी ज्या कामाचा मला मनापासून कंटाळा होता, ते करताना त्या दिवशी मला इतका आनंद झाला की मी चक्क गुणगुणत होते. आई असती तर तिला बोलावून दाखवलं असतं, याची तेवढी हुरहुर वाटली. वेढे झाल्यावर वरून प्लॅस्टिकची पट्टी घट्ट आवळून गुंडाळली. तिच्या कडांतून जास्तीचं रेझिन आणि हवा बुडबुडत बाहेर आली. बसूला आपलं रेझिन असं वाया जाताना बघून वाईट वाटलं, आणि तसं तो कन्नडमध्ये म्हणालाही. मग दांडी पत्र्यावर उन्हात ठेवली. फायबर घट्ट झालं म्हणजे पक्कं झालं असं नाही, त्याला ऊब लागते. आमच्या भागातलं चैत्राचं ऊन आमच्या कामी आलं.

दांडी उतरवली आणि मी तिच्या अंगावर या टोकापासून त्या टोकापर्यंत रुपयानं टकटक केलं. आत हवा राहिली असेल तिथे आवाज बद्द येतो. सगळीकडे खणखणीत आला. पण आता मी शहाणी झाले होते. आप्पांना फोन करून विचारलं, "आप्पा, आणखी काय काय करता त्या दांडीला, ते सगळं सांगा. जे सांगण्यासारखं नाही तेसुद्धा सांगा."

"काय करनार? नारळ वाडवतो, भंडारा उधळतो. आन् नाचवतो."

"काय करता?"

"नाचवतो ओ! हलगी वाजाय लागली की पालखी नाचतीया. खाली-वर, हिकडं-तिकडं. मग काय, नुसती धरून चालत जायाची?"

पोती टांगून जागच्या जागी तोललेली दांडी आणि हलगीवर नाचलेली दांडी यांत जमीन-अस्मानाचा फरक. उडी मारून खाली आलं की वजन कैक पटींनी आदळतं, वर पीळही पडतो. म्हणून आम्ही कारखान्याच्या आवारातच पालखी नाचवली. वाळूची पोती दोरानं बांधली, आठ कामगार दांडीखाली गेले, बसूनं रिकामा पत्र्याचा डबा घेतला आणि असा काही ठेका धरला की शेजारच्या फौंड्रीतली माणसं काम टाकून कंपाउंडवर चढली. मी ओरडत होते, "आणखी उंच! आता डावीकडं! पीळ द्या!" तेवढ्यात शेजारचा म्हातारा वॉचमन आत आला, चपला काढल्या आणि वाळूच्या पोत्यांना मनोभावे हात जोडले. कुणीतरी हळूच सांगितलं, "मामा, वाळू हाय." मामा म्हणाले, "असूं दे. एवढी मानसं नाचालीत म्हंजे आत काय तरी असंलच." मालकांनी खिडकीतून हे सगळं पाहिलं आणि गिऱ्हाइकाला चहा पाजायच्या निमित्तानं खिडकी लावून घेतली.

नाच झाल्यावर पुन्हा रुपयानं टकटक केलं. पुन्हा खणखणीत.

यात्रेला मी आणि बसू दोघंही गेलो. मी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. चाळीस टाक्यांची परीक्षा मी झोपेतही घेतली असती, पण इथे चूक झाली तर लोकांच्या खांद्यावरून देवी खाली येणार होती, आणि आप्पांना पुढची यात्रा मिळणार नव्हती. परशराम नवा शर्ट घालून आला. सागवानी ठोकळ्यावर सिंह ठेवला, हळदकुंकू लावलं, खिळा धरला आणि हातोडा उगारून माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली खरी, पण डोळे मिटून घेतले. ठक, ठक, ठक. डोळे उघडले तेव्हा सिंह जागेवर होता, आणि परशराम दांडीवरून हात फिरवत म्हणत होता, "आज्ज्याचं लाकूड हाय ओ शेवटी."

देवी पालखीत बसली. हलगी कडकडली. पुढच्या खांद्याला आप्पा, मागे पुण्या-बेंगळूरची पोरं. "उदो" झाला आणि पालखी उचलली गेली. ती इतकी सहज वर आली की उचलणारेच गांगरले. गर्दीतली माणसं टाचा उंचावून बघायला लागली. मग देवळाचा पुजारी मोठ्यानं ओरडला, "हलकी झाली! देवी राजी झाली! ह्या टायमाला देवी राजी हाय!"

आणि गल्लीभर एकच जल्लोष. बायांनी ओंजळी भरभरून भंडारा उधळला. बसू माझ्या कानाशी लागला. "आक्का, कांडी आपण भरली, रेझिन माझं गळून गेलं, आन् नाव देवीचं?"

"गप बस," मी म्हटलं. "तू सांगून बघ त्यांना धाग्यांची दिशा." खरं सांगते, थोडं लागलं होतं मलाही. पण पालखी नाचायला लागली आणि मी ते विसरले. दांडी वाकत होती, पुन्हा ताठ होत होती, भंडाऱ्यानं पिवळी झाली होती. पोरं दमली की बदलत होती, आणि बदलायला या वेळी रांग लागली होती, कारण जे खांदा देऊन येत होते ते दुसऱ्यांना सांगत होते, की जमतंय, जड नाही. माहेरपणाला आलेल्या गावच्या लेकीसुद्धा पदर खोचून रांगेत उभ्या राहिल्या आणि त्यांना कुणी नको म्हणालं नाही. बसूही जाऊन खांदा देऊन आला.

आप्पा मात्र बदलले नाहीत. दर वळणावर कुणी ना कुणी त्यांना म्हणे, "आप्पा, सोडा आता." ते ऐकून न ऐकल्यासारखं करत. मागच्या यात्रेला जिथे पालखी थांबली होती, तिथे पिंपळाखाली ट्रॉली धुऊन तयार ठेवलेली होती, लागलीच तर असावी म्हणून. पालखी तिच्यापाशी आली. आप्पांनी ट्रॉलीकडे बघितलं नाही. पालखी नाचत पुढे गेली आणि ट्रॉलीवाल्यानं आपण होऊन ट्रॅक्टर बाजूला घेतला.

गदग्यावर देवी बसली. दांडी पोरांनी उतरवून भिंतीला लावली. आप्पा ओट्याच्या पायरीवर बसले होते, टोपी मांडीवर, अंगभर भंडारा, उजव्या हातानं डावा खांदा चोळत. मी जवळ जाऊन विचारलं, "आप्पा, दुखतंय का? त्रास झाला का काही?"

त्यांनी नकारार्थी मान हलवली. देवीला हात जोडले. मग माझ्याकडे वळून, तक्रार करावी तशा आवाजात म्हणाले, "आक्का, जरा जड करायची हुती ओ. लई बिगीनं पोचलो."